एज ऑफ एम्पायर्स ४ पासून सुरुवात करावी का?

हो, बिनधास्त कर. संगणकावरच्या या डावपेचांच्या खेळमालिकेचा १९९९ चा दुसरा भाग आधी संपवलाच पाहिजे, असं सांगणारे भेटतील. त्यांचं फार मनावर घेऊ नकोस. २०२१ चा चौथा भाग त्याच वळणावर गेलाय, फक्त नवख्याला जरा सांभाळून घेतो. साधं शेतीचंच बघ. दुसऱ्या भागात शेताचा कस संपतो, मग लाकूड खर्चून ते पुन्हा पेरावं लागतं. चौथ्यात एकदा शेत घातलं की ते कायमचं.

खरी गंमत वेगळीच आहे. दुसऱ्या भागात बहुतेक संस्कृतींचा पाया एकच, फरक काही खास सैनिक, सवलती आणि तंत्रज्ञानांपुरता. चौथ्यात मंगोल घेतलेस तर भिंती नाहीत, घरं बांधायची गरज नाही, उलट इमारतीच गाड्यांवर लादून पुढे न्यायच्या! दिल्ली सल्तनतीला संशोधन फुकट, पण संथ; विद्वानांना मशिदीत बसवलंस तरच वेग येतो. म्हणून या दोघांना पहिल्याच दिवशी हात लावू नकोस. इंग्रज घे, धनुर्धारी आणि शेती एवढ्यावर बरंच निभावतं.

चौथ्यात खेळ एकेक युग पुढे सरकतो; इंग्रजांना पुढच्या युगात जायला दोन खास वास्तूंपैकी एक निवडावी लागते. घाईत कुठलीही टेकवू नकोस, दुसरी पुन्हा मिळत नाही.

२००५ चा तिसरा भाग सध्या राहू दे. त्यातली मायदेशाहून कुमक मागवायची पत्त्यांची पद्धत मला आवडते, पण हाताला वेगळंच वळण लावते. आणि धान्य-लाकूड गोळा करणारे गावकरी घडवणं थांबवू नकोस, भाग कुठलाही असो.