डेंग्यूच्या रुग्णांच्या रक्तातून अँटिबॉडीची जनुकं सिक्वेन्स करायची आहेत. २ मिली रक्त पुरेल का? आणि सर्वांत जास्त दिसणारी अँटिबॉडीच विषाणू मारणारी असं धरता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. सिक्वेन्सिंगमधून कोणत्या अँटिबॉडीचा आरएनए किती आहे ते कळतं, ती कशाला चिकटते ते कळत नाही. डेंग्यूत हा फरक फारच नडतो. दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्या माणसात झपाट्याने वाढणाऱ्या बऱ्याच बी पेशींच्या (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) अँटिबॉडी विषाणूच्या बाहेरच्या ई प्रथिनावरच्या फ्यूजन लूप नावाच्या भागाला धरतात. त्या डेंग्यू विषाणूच्या चारही प्रकारांना चिकटतात, पण विषाणू निष्प्रभ करायला कमी पडतात. यादीत पहिला नंबर दिसला म्हणून हुरळून जाऊ नका.

२ मिली रक्तात भागणार नाही. प्रौढ रुग्णाकडून ८ ते १० मिली घ्या, अर्थात एथिक्स कमिटीच्या मंजुरीत तेवढं लिहिलेलं असेल तर. निरोगी माणसाच्या १ मिली रक्तातून साधारण १० लाख पीबीएमसी (रक्तातल्या एककेंद्रकी पांढऱ्या पेशी) हाती लागतात, त्यांतल्या ५ ते १५ टक्के बी पेशी. डेंग्यूत पांढऱ्या पेशी आधीच उतरलेल्या असतात, त्यामुळे हिशेब आणखी घटतो. ट्यूब जांभळ्या बुचाची, म्हणजे ईडीटीएची. हिरव्या बुचाच्या ट्यूबमधलं हेपॅरिन पुढे पीसीआरला आडवं येतं.

तापाचा सहावा-सातवा दिवस गाठा. तेव्हा प्लाझ्माब्लास्ट, म्हणजे भराभर अँटिबॉडी ओतणाऱ्या बी पेशी, ऐन भरात असतात, काही रुग्णांत तर बी पेशींपैकी निम्म्याच्या आसपास, आणि नंतर लवकरच ओसरतात. केसपेपरवर दाखल झाल्याची तारीख ठळक असते, पण तुम्हाला ताप सुरू झाल्याची हवी. ती नातेवाइकांना विचारून लिहून घ्या.

रक्त बर्फात ठेवू नका, थंड झालेलं रक्त फायकॉलवर (पेशी घनतेनुसार वेगळ्या करणाऱ्या द्रवावर) नीट वेगळं होत नाही. फायकॉलची घनता १.०७७, ४०० जी, ३० मिनिटं, खोलीच्या तापमानाला, आणि सेंट्रिफ्यूजचा ब्रेक बंद. ब्रेक चालू राहिला तर पेशींचा पांढुरका थर ढवळतो. पावसाळ्यात सायन-कुर्ल्याला पाणी तुंबलं की परळहून पवईला ट्यूब वेळेत पोचेल याचा भरवसा नाही. म्हणून हे काम रुग्णालयाजवळच उरका आणि पेशी लायसिस बफरमध्ये (पेशी फोडणाऱ्या द्रावणात) टाकून ड्राय आइसवर न्या. जिवंत पेशी गोठवून ‘नंतर बघू’ म्हणाल तर नेमके प्लाझ्माब्लास्टच मरतात. बी पेशी वेगळ्या करायच्या तर सीडी-१९ला धरणारे मणी घ्या, सीडी-२०चे नकोत; ही दोन्ही बी पेशींवरची ओळख-प्रथिनं आहेत. प्लाझ्माब्लास्टवर सीडी-२० जवळपास नसतो, म्हणजे जे हवंय तेच धुण्याच्या पाण्यात जाईल.

डीएनए घ्यावा की आरएनए? तुमच्या कामाला आरएनए. डीएनएवरून पेशींची मोजणी सरळ होते, पण अँटिबॉडीचा वर्ग आयजीएम की आयजीजी ते एका रीडमध्ये (यंत्राने एका वेळी वाचलेल्या तुकड्यात) कळत नाही, कारण व्ही-डी-जे (अँटिबॉडीचा बदलता भाग घडवणारी जनुकं) आणि वर्ग ठरवणारा स्थिर भाग यांच्यामध्ये लांबलचक इंट्रॉन (आरएनएमधून कापून टाकला जाणारा तुकडा) असतो. आरएनएचा तोटा असा, की एक प्लाझ्माब्लास्ट शेकडो साध्या बी पेशींइतका आरएनए ओततो. एकच पेशी मोठं कुटुंब असल्यासारखी दिसते.

यूएमआयशिवाय, म्हणजे प्रत्येक रेणूच्या वेगळ्या खुणेशिवाय, लायब्ररी (सिक्वेन्सिंगसाठी तयार केलेला डीएनएचा संच) बनवूच नका. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शनच्या (आरएनएपासून डीएनए बनवण्याच्या) वेळीच प्रत्येक रेणूला १२ यादृच्छिक बेसांची खूण लागली, की पीसीआरच्या प्रती ओळखता येतात आणि एकाच खुणेच्या तीन-चार रीडमधून चूक गाळता येते. हे केलं नाही तर पीसीआरची चूक आणि खरं सोमॅटिक हायपरम्युटेशन (बी पेशीने स्वतःच्या अँटिबॉडी जनुकात केलेले बदल) यांत फरक करता येत नाही. व्ही जनुकांवरच्या प्रायमरांचा संच सोपा पडतो, पण जास्त उत्परिवर्तन झालेल्या अँटिबॉडीवर प्रायमर बसतच नाही. मी ५-प्राइम रेस पद्धत सुचवेन, तीत व्ही जनुकावर प्रायमर लागतच नाही. फक्त स्थिर भागाचा प्रायमर सीएच-१च्या (स्थिर भागाच्या पहिल्या खंडाच्या) अगदी सुरुवातीला ठेवा, नाहीतर तुकडा इतका लांबतो की मायसेक या सिक्वेन्सिंग यंत्राच्या २×३०० (दोन्ही टोकांनी ३००-३०० बेस) वाचनात दोन्ही रीड एकमेकांवर पुरेसे चढत नाहीत. सगळे रीड एकाच प्रायमरने सुरू झाले तर यंत्राला प्रत्येक ठिकाणी तोच बेस दिसतो आणि गुणवत्ता कोसळते. त्यासाठी १५ टक्के फाय-एक्स (विविध बेस असलेला तयार डीएनए) मिसळा.

एकाच आरएनएच्या दोन वेगळ्या लायब्ररी करा. दोन्हींत सापडलेल्या क्लोनवरच (एकाच मूळ बी पेशीपासून वाढलेल्या कुटुंबावरच) विश्वास ठेवा. दोन रुग्णांत सीडीआर-३ (अँटिबॉडीचा सर्वांत बदलता भाग) बेसागणिक तंतोतंत सारखा आला, तर आनंद साजरा करण्याआधी एका नमुन्याचा दुसऱ्यात संसर्ग झाला का ते तपासा. मोठ्या माणसांत तो बहुधा पिपेटचाच असतो. दोन्ही टोकांना वेगवेगळे इंडेक्स (नमुना ओळखायच्या खुणा) वापरले की यंत्रातली सरमिसळही पकडता येते.

विश्लेषणात आयजीब्लास्ट आणि चेंज-ओ ही सॉफ्टवेअर पुरे. व्ही तोच, जे तोच, सीडीआर-३ची लांबी तीच आणि क्रम साधारण ८५ टक्के जुळणारा, तर एक क्लोन, पण हा आकडा डोळे मिटून घेऊ नका. प्रत्येक क्रमाचं सर्वांत जुळणाऱ्या दुसऱ्या क्रमापासून अंतर किती याचा आलेख काढा, दोन शिखरांमधल्या दरीत रेघ ओढा. आणखी एक खाच आहे. जनुकांच्या संदर्भसंचात भारतीय लोकांतले सगळे अ‍ॅलील (एकाच जनुकाची जन्मजात रूपं) नाहीत. एखाद्या रुग्णाच्या उत्परिवर्तन न झालेल्या आयजीएममध्येही एका व्ही जनुकात त्याच जागी तोच बदल रीडमागून रीड दिसत असेल, तर ते उत्परिवर्तन नव्हे, त्याचा जन्मजात अ‍ॅलील आहे. टिगर हे साधन असे अ‍ॅलील हुडकतं. ते आधी चालवा, मगच उत्परिवर्तनाची टक्केवारी काढा.

अँटिबॉडी प्रत्यक्ष बनवायची असेल तर या पद्धतीने जड साखळी कळते, तिची जोडीदार हलकी साखळी नाही. त्यासाठी टेन-एक्स हे एकेका पेशीचं सिक्वेन्सिंग करणारं तंत्र लागतं, आणि ते महाग आहे. ३-४ रुग्णांवरच करा, बाकीच्यांवर वरची पद्धत. मग २०-३० जोड्या निवडा: काही मोठ्या क्लोनमधल्या, काही मुद्दाम लहान क्लोनमधल्या. दोन्ही साखळ्यांची जनुकं मागवून एचईके-२९३ पेशींत आयजीजी-१ म्हणून बनवा. आधी एलायझा (अँटिबॉडी चिकटते का याची चाचणी), मग विषाणूच्या चारही प्रकारांवर न्यूट्रलायझेशन (ती विषाणू निष्प्रभ करते का याची चाचणी). एमएससीच्या मुदतीत एवढं सगळं बसणार नाही, तेव्हा शेवटच्या टप्प्यासाठी जिवंत विषाणूवर काम करणारी प्रयोगशाळा आत्ताच गाठून ठेवा.