वाचकांचे प्रश्न : शाळांमधली देवाणघेवाण आणि युरोपचं नागरिकत्व

युरोपात स्थायिक झालेल्या वाचकांकडून या विषयावर बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

आमची मुलगी १४ वर्षांची आहे. तिच्या शाळेची इटलीतल्या एका शाळेशी देवाणघेवाण ठरली आहे. माहितीपत्रकात ‘युरोपीय नागरिकत्वाची जाणीव’ हा उद्देश लिहिला आहे. आमचे सगळ्यांचे पासपोर्ट भारतीय. मग हे तिच्यासाठी आहे का? – एक पालक, नेदरलँड्स

आहे, आणि निःशंक मनाने तिला पाठवा. इथे ‘नागरिकत्व’ हा शब्द दोन अर्थांनी येतो, त्यामुळे गोंधळ होतो.

कायद्यातलं युरोपीय नागरिकत्व मास्ट्रिख्ट कराराने आणलं. तो करार १ नोव्हेंबर १९९३ला लागू झाला. हे नागरिकत्व वेगळं मिळत नाही. युरोपीय संघाच्या सदस्य देशाचं नागरिकत्व असलं की ते आपोआप असतं. तुमच्या मुलीकडे ते आज नाही. पण युरोपीय संसदेकडे याचिका करण्याचा हक्क सदस्य देशात राहणाऱ्या कोणालाही आहे, त्याला पासपोर्टची अट नाही. ‘नागरिकांचा पुढाकार’, म्हणजे सह्या गोळा करून युरोपीय आयोगाकडे कायद्याची मागणी करणं, ही वाट मात्र फक्त नागरिकांसाठी आहे. त्यात किमान सात देशांतून एकूण दहा लाख सह्या लागतात.

शाळेला अभिप्रेत असलेला अर्थ दुसरा. युरोप परिषद ही युरोपीय संघापेक्षा वेगळी संस्था. तिने २०१८मध्ये लोकशाही संस्कृतीसाठी लागणाऱ्या २० क्षमतांची चौकट प्रसिद्ध केली. ऐकून घेणं, मतभेद सोडवणं, अनिश्चितता सहन करणं, स्वतःच्या समजुती तपासून पाहणं अशा गोष्टी त्या चौकटीत आहेत. यातलं काहीही राष्ट्रीयत्वावर अवलंबून नाही. अशा देवाणघेवाणीला पैसे देणारा युरोपीय संघाचा कार्यक्रम म्हणजे इरॅस्मस प्लस. त्याच्या अनुदानासाठीही मूल पाठवणाऱ्या शाळेच्या पटावर आहे की नाही हे पाहतात, त्याचं राष्ट्रीयत्व पाहत नाहीत.

मी माध्यमिक शाळेत शिकवते. आमच्या शाळेने असं काही कधीच केलेलं नाही. सुरुवात कुठून करू? – एक शिक्षिका, आयर्लंड

सुरुवात प्रवासाने करू नका. आधी ई-ट्विनिंगवर, म्हणजे शाळांना ऑनलाइन जोडणाऱ्या सोयीवर, एक छोटा प्रकल्प करा. २००५पासून चालू असलेली ही सोय मोफत आहे आणि आता युरोपियन स्कूल एज्युकेशन प्लॅटफॉर्मवर मिळते. नोंदणीची पडताळणी होते. दोन शाळांतल्या दोन शिक्षकांनी मिळून प्रकल्प उघडला की दोन्ही वर्गांना कामासाठी बंद, सुरक्षित जागा मिळते. एक सत्र पुरेसं आहे. तेवढ्यात समोरचा शिक्षक निरोपाला किती दिवसांनी उत्तर देतो, ठरलेलं काम वेळेवर पाठवतो का, हे कळतं. भागीदाऱ्या बहुतेकदा तुटतात त्या याच कारणाने. पैसा कमी पडला म्हणून क्वचित. आणि भागीदारी एका शिक्षकाच्या खांद्यावर ठेवू नका. त्याची बदली झाली की सगळं संपतं. दोन्हीकडे दोन-दोन माणसं आणि मुख्याध्यापकांची लेखी संमती असू द्या.

दुसऱ्या वर्षी पैशाचं, म्हणजे इरॅस्मस प्लसच्या अनुदानाचं बघा. अर्ज शाळेने करायचा असतो, पालकांना किंवा विद्यार्थ्याला तो करता येत नाही. पहिल्यांदा करणाऱ्यांनी ‘अल्पकालीन प्रकल्प’ घ्यावा असं आम्ही सुचवतो. मुदत ६ ते १८ महिने, जास्तीत जास्त ३० सहभागी (सोबत जाणारे शिक्षक त्यात मोजत नाहीत), आणि पाच वर्षांत तीनपेक्षा जास्त वेळा मिळत नाही. कायम चालवायचं असेल तर पुढे शाळेसाठी इरॅस्मस प्लसची ‘मान्यता’ (अ‍ॅक्रेडिटेशन) घ्यावी लागते. तिच्या अर्जाला १००पैकी किमान ७० गुण लागतात, आणि प्रत्येक विभागात निम्मे गुण मिळालेच पाहिजेत. एका विभागात कमी पडलात तर बाकीची बेरीज उपयोगी पडत नाही. शाळेतल्या मुलांच्या प्रवासापेक्षा दोन संस्थांनी मिळून करायचं काम मोठं असेल तर ‘लघु भागीदारी’ बघा : ३०,००० किंवा ६०,००० युरोची ठोक रक्कम, दोन वेगळ्या देशांतल्या किमान दोन संस्था.

अर्ज आपल्याच देशाच्या राष्ट्रीय संस्थेकडे जातो. तुमच्यासाठी ती लारगस. जर्मनीतल्या शाळांसाठी बॉनमधली पेडागोगिशर आउस्टाउशडीन्स्ट. शाळेचा इरॅस्मस प्लसमधला संस्था-क्रमांक (ओआयडी) आधीच काढून ठेवा, तो शेवटच्या दिवशी शोधत बसू नका. मुदत संपते ती ब्रसेल्सच्या दुपारी १२ला, म्हणजे तुमच्या घड्याळात सकाळी ११ला. आणखी एक नेहमीची चूक अंतराची. प्रवासखर्च ठरवताना अंतर सरळ रेषेत आणि एकाच बाजूचं धरायचं असतं. ते कार्यक्रमाच्या अंतर-गणकावरच मोजा. रस्त्याचे किलोमीटर किंवा जाण्या-येण्याची बेरीज टाकली तर अनुदानाचा अंतर-टप्पा चुकतो आणि अंदाजपत्रक कोसळतं. रेल्वे किंवा बसने गेलात तर प्रवासाचा दर जास्त मिळतो, हे विसरू नका.

आमची मुलं जातात, एकत्र फिरतात, पण बसतात मात्र आपापल्याच घोळक्यात. परत आल्यावर फोटो सोडून फारसं काही उरत नाही. काय चुकतंय? – एक शिक्षक, जर्मनी

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुमचा आहे.

नुसत्या भेटीने पूर्वग्रह जात नाहीत, कधी कधी उलट घट्ट होतात. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४मध्ये मांडलं की संपर्काचा फायदा व्हायला चार गोष्टी हव्यात : दोन्ही गटांचा दर्जा समान, ध्येय एकच, ते गाठायला एकमेकांची गरज, आणि वरच्या संस्थेचा पाठिंबा. सहलीत यातलं काय असतं ते बघा. यजमान दाखवतात, पाहुणे बघतात. दर्जा समान नाही आणि कोणाला कोणाची गरज नाही.

म्हणून चार-चारांचे गट करा, दोन इथले, दोन तिथले. ते निघण्याआधी किमान सहा आठवडे ठरवा आणि शेवटपर्यंत मोडू नका. काम असं द्या की अर्धी माहिती एकाकडे आणि अर्धी दुसऱ्याकडे असेल. उदाहरणार्थ मतदानाचं वय. २०२४च्या युरोपीय निवडणुकीत जर्मनी, ऑस्ट्रिया, बेल्जियम आणि माल्टात १६व्या वर्षी मत देता आलं, ग्रीसमध्ये १७व्या, बाकी देशांत १८व्या. जर्मन मुलाला मत आहे आणि त्याच्याच वयाच्या इटालियन मुलीला नाही, हे एका टेबलावर आलं की चर्चा आपोआप तापते. मग दोघांनी मिळून दोन्ही गावांत वीस-वीस माणसांना विचारावं आणि निष्कर्ष एका पानात लिहावेत. दुसरं काम म्हणजे युरोपीय संसदेकडे पाठवता येईल अशा याचिकेचा मसुदा. विषय युरोपीय संघाच्या अखत्यारीतला आणि मुलांना स्वतःला भिडणारा हवा. तो शोधतानाच कोणता निर्णय नगरपालिकेचा, कोणता देशाचा आणि कोणता ब्रसेल्सचा हे त्यांना कळतं. पाठ्यपुस्तकातला तक्ता पाठ करून ते कळत नाही.

भाषेकडे लक्ष ठेवा. इंग्रजी चांगली असलेला एक मुलगा पूर्ण गट चालवतो आणि बाकीचे मान डोलावतात. उपाय सोपा : टिपण लिहिणारा आणि बोलणारा रोज बदला, आणि दिवसातला अर्धा तास यजमानांच्या भाषेसाठी व अर्धा तास पाहुण्यांच्या भाषेसाठी राखा. आपली भाषा शिकवताना अबोल मूलही वरचढ ठरतं.

पहिले तीन दिवस एकही बससहल नको. राजधानीची एक दिवसाची धावपळ तर पूर्ण काढून टाकली तरी चालेल. इरॅस्मस प्लसच्या गटप्रवासात (किमान दोन विद्यार्थी, २ ते ३० दिवस) यजमान शाळेतल्या समवयस्कांबरोबर शिकणं हाच गाभा असावा लागतो, त्यामुळे पर्यटनाने भरलेलं वेळापत्रक अनुदानालाही बाधतं. रोज संध्याकाळी वीस मिनिटं मिश्र गटातच बसा आणि एकच प्रश्न विचारा : आज काय खटकलं? तक्रार दडपू नका. जेवणाची वेळ, घरातली शांतता किंवा गोंगाट, शिक्षकांना हाक मारायची पद्धत, अशा साध्या गोष्टींतून मुलं ‘ते लोक असेच’ इथपर्यंत पोचतात. त्याच दिवशी यजमान मुलाने कारण सांगितलं तर ते तिथेच थांबतं. आठवडाभराने सांगून उपयोग नसतो.

परतीची भेट त्याच वर्षात व्हायला हवी. पाहुणा यजमान झाला की समान दर्जाचा हिशेब पुरा होतो.

शाळेचा गट जर्मनीहून आयर्लंडला जाणार आहे. मुलाकडे भारतीय पासपोर्ट आणि जर्मन वास्तव्य परवाना आहे. व्हिसा लागेल का? विम्याचं काय? – एक पालक, जर्मनी

शेंगेनमधल्या, म्हणजे सामायिक व्हिसाच्या देशगटातल्या, दुसऱ्या देशात जायचं असतं तर पासपोर्ट आणि परवाना पुरला असता, १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही. तिथे १९९४चा युरोपीय संघाचा एक निर्णय कामी येतो. सदस्य देशात राहणारे परदेशी विद्यार्थी शिक्षकासोबत शाळेच्या गटात जात असतील तर ‘प्रवाशांच्या यादी’वर व्हिसाशिवाय जाऊ शकतात. यादी शाळा भरते, परदेशी नागरिक कार्यालय त्यावर शिक्का मारतं. दोन महिने आधी शाळेला सांगा. कार्यालयाची वेळ मिळायला उशीर लागतो आणि बेत फसतो तो इथेच. मूळ प्रत शिक्षकाकडे, पासपोर्ट मुलाजवळ. मूल एकटं किंवा नातेवाइकांबरोबर परतणार असेल तर यादी चालत नाही.

युरोपीय आरोग्य विमा कार्ड आयर्लंडमध्ये चालेल. मात्र युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकांना ते डेन्मार्क, आइसलँड, लिक्टेनस्टाइन, नॉर्वे आणि स्वित्झर्लंडमध्ये वापरता येत नाही. ते खाजगी उपचार आणि मायदेशी परत आणण्याचा खर्चही देत नाही, म्हणून प्रवासविमा वेगळा घ्याच.

मुलीला फ्रान्समध्ये एकटीने काही महिने राहायचं आहे. सोय आहे का? – एक पालक, जर्मनी

आहे. १९६३च्या एलिझे करारातून जन्मलेल्या फ्रांको-जर्मन युवा कार्यालयाचे दोन कार्यक्रम बघा : ब्रिजिट सोझे (सुमारे तीन महिने) आणि व्होल्तेर (सहा महिने). दोन्हींत मुलं एकमेकांच्या घरी आळीपाळीने राहतात. शाळेमार्फत इरॅस्मस प्लसमध्ये वैयक्तिक मुक्काम १० ते २९ किंवा ३० ते ३६५ दिवसांचा असतो. भारतीय पासपोर्टवर ९० दिवसांपुढे राहायचं तर फ्रान्सची वेगळी परवानगी लागते. आणि निघण्याआधी शाळेकडून लेखी घ्या : तिकडचे कोणते विषय आणि गुण इथे धरले जातील, बुडालेल्या परीक्षा कधी होतील.