मेस्त्रींना विचारा : पाचव्या चाकाचं घर

प्रश्न (एक निवृत्त शिक्षिका, विटा) : मेस्त्री, माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत डेन्व्हरला असतात. त्यांनी पिकअपच्या मागं जोडायचं ३० फुटी घर घेतलंय, सहा वर्षं वापरलेलं. त्याला 'फिफ्थ व्हील' म्हणतात म्हणे. मे महिन्यात मी जातेय आणि तीन महिने आम्ही त्यातूनच हिंडणार आहोत. जावई कॉम्प्युटरवाले, पान्हा हातात धरायची सवय नाही. मुलीनं चाळीस फोटो पाठवलेत. सोफा आहे, ओव्हन आहे, खोटी शेकोटीसुद्धा आहे; चाकांचा मात्र एकही फोटो नाही. हे प्रकरण सुरक्षित असतं का? आणि त्यांना काय काय बघायला सांगू?

उत्तर : बाई, चाकांचा फोटो नाही हे तुमच्या ध्यानात आलं, तिथंच निम्मं काम झालं. हे घर घेणारा माणूस आधी स्वयंपाकघर बघतो. मी एसटीच्या साताऱ्यातल्या कार्यशाळेत ३१ वर्षं काढली, त्यामुळं मी आधी खाली वाकतो. निवृत्तीनंतर २०१८ साली धाकट्याकडं इंडियाना राज्यात पाच महिने होतो. त्याच्याकडं असंच २८ फुटी घर होतं. म्हणून आता सांगतोय ते ऐकीव नाही, नखांत ग्रीस भरवून शिकलेलं आहे.

नावाचं आधी सांगतो, कारण मलाही ते चमत्कारिक वाटलं होतं. चार चाकांच्या घोडागाडीत पुढचा आस वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवं लोखंडी चक्र बसवायचे, ते पाचवं चाक. पुढं मोटारी आल्या आणि ट्रकवरच्या जोडाच्या तबकडीलाही तेच नाव पडलं. पुणे-बंगळूर हायवेवर कंटेनर ओढणारे ट्रेलर तुम्ही रोज बघता, त्यांचा जोड हाच. इंडियानात एल्कहार्ट नावाचं गाव आहे, अमेरिकेतली असली बहुतेक घरं त्याच्या आसपास बनतात. तिथल्या कारखान्यांत आमिश पंथाचे बरेच कामगार आहेत. स्वतः मोटार बाळगत नाहीत, घोड्याच्या बग्गीतून फिरतात. पाचव्या चाकाचं घर बांधणारा संध्याकाळी बग्गीत बसून घरी जातो, हे बघून मी रस्त्याच्या कडेला उभा राहून हसलो होतो.

आता जोड कसा असतो ते बघा. पिकअपच्या हौद्यात, मागच्या आसाच्या बरोबर वर किंवा किंचित पुढं, तबकडी बसवलेली असते. घराची मान हौद्यावर पुढं येते आणि मानेखालची किंगपिन, म्हणजे खाली आलेली जाड लोखंडी खुंटी, तबकडीच्या जबड्यात अडकते. भार बंपरच्या मागं न लोंबता आसावर येतो, म्हणून हे घर बंपरला जोडलेल्या घरापेक्षा कमी झुलतं. हंगामात कराड रस्त्यावर उसाच्या जोड-ट्रॉलीचं शेपूट कसं हलतं ते तुम्ही पाहिलंच असेल. तसं इथं सहसा होत नाही. पण त्याची किंमत पिकअपच्या पाठीला मोजावी लागते. घराच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा पिनेवर येतो. घर भरून ५,००० किलो झालं तर १,००० किलो थेट हौद्यात. विकणारा सांगतो, 'गाडी सहज ओढेल.' ओढेल हो! बैल ओढतो किती आणि पाठीवर पेलतो किती, यात फरक आहे की नाही? पिकअपच्या ड्रायव्हरकडच्या दाराच्या चौकटीवर चिकटपट्टी असते, तिच्यावर गाडी किती पेलते तो आकडा छापलेला असतो. त्यातून तुम्ही तिघं, सामान आणि तबकडीचं स्वतःचं वजन वजा करा. उरलेला आकडा पिनेच्या भारापेक्षा कमी निघाला तर जावईबापूंना पिकअप बदलावी लागेल, दुसरा इलाज नाही. अंदाजानं बोलू नका. तिकडं ट्रक थांबतात त्या पंपांवर काटे असतात, प्रत्येक आसाचं वजन वेगवेगळं छापून देतात. घरात पाणी आणि सामान भरून एकदा काट्यावर घाला.

जोडण्याची गोष्ट आमच्यावर बेतलेली सांगतो. एका सकाळी पोराला निघायची घाई. पिन जबड्यात गेली, 'खट' आवाज आला, त्यानं घराचे पुढचे टेकूचे पाय वर उचलले आणि गाडी सोडली. जबडा मिटलाच नव्हता. गाडी पुढं सरकली आणि घराची मान हौद्याच्या दोन्ही कडांवर येऊन बसली. पत्रा असा चेपला की ती पिकअप विकेपर्यंत सूनबाई त्या चेपक्याकडं बोट दाखवायची. दोष माझाही होता, मी चहाचा कप घेऊन बाजूला उभा होतो. तेव्हापासूनचा आमचा नियम : बॅटरी घेऊन वाकायचं, जबडा पिनेच्या मागं मिटलाय हे डोळ्यांनी बघायचं, मग घराचे पाय जमिनीवर टेकलेले असतानाच घराचे ब्रेक दाबून पिकअप हळूच पुढं ओढायची. हिसका बसूनही जोड सुटला नाही तरच पाय वर.

घराचे ब्रेक विजेवर चालतात. ड्रमच्या आत लोहचुंबक असतो, पिकअपमधून करंट आला की तो ड्रमला चिकटून लायनर दाबतो. शिवाय एक बारीक वायररोप पिकअपला अडकवलेला असतो. घर सुटून मागं राहिलं तर त्याच्या टोकाची खुंटी उपसली जाते आणि घराच्या स्वतःच्या बॅटरीवर ब्रेक लागतात. बॅटरी मेलेली असेल तर तो वायररोप नुसता शोभेचा. डेन्व्हरहून पश्चिमेला निघालात की आयझेनहॉवर बोगदा लागतो, महाबळेश्वरच्या दुपटीहून जास्त उंचीवर. तिथून उतरताना आपला ड्रायव्हर खंबाटकीत करतो तेच करायचं : उतार लागण्याआधी खालचा गिअर, आणि ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही.

चाकांचे बेअरिंग वर्षातून एकदा किंवा १२,००० मैलांनी, जे आधी होईल तेव्हा, उघडून धुऊन नवं ग्रीस भरायचं. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, टोपणाला ग्रीस-निपल (ग्रीस भरायची चोच) दिसलं की नवशिक्या माणूस पंप मारत सुटतो. जास्तीचं ग्रीस सील फोडून लायनरवर जातं आणि ब्रेक गुळगुळीत होतो. मालकानं गेल्या वर्षी बेअरिंग केल्याची पावती दाखवली नसेल तर केलेच नाहीत असं धरा. चाक काढून बसवलं की नट पहिल्या १५, मग ४०, मग ८० किलोमीटरवर पुन्हा आवळायचे. आणि प्रत्येक मुक्कामाला हात जवळ नेऊन चारही हबांची ऊब बघायची. चारांतला एकच जास्त तापला असेल तर त्याच्या पोटात काहीतरी बिघडलंय. हे काम तुम्ही घ्या बाई. वर्गात कुणाला ताप आहे ते तुम्ही हात लावून ओळखत असालच.

टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. घर सहा वर्षांचं आणि टायर मूळचेच असतील तर नक्षी कितीही नवी दिसो, बदला. ही घरं वर्षातले आठ-दहा महिने उभीच असतात, टायर झिजत नाहीत, उन्हानं आतून मरतात.

आता छप्पर. त्यावर बहुतेक वेळा रबराची चादर असते आणि हवाझरोके, आंघोळीवरचं काचेचं झाकण, नळ्या, जिथं जिथं भोक तिथं तिथं लुकणासारखा सीलंट. खरी गळती त्या सीलंटला पडलेल्या केसाएवढ्या चिरेतून होते. आपण मृगाआधी कौलं शाकारतो ना, तसं दर तीन महिन्यांनी वर चढून बघायचं. रबर पुसायला रॉकेल, पेट्रोल वापरायचं नाही, रबर फुगतं. आणि आतल्या कोपऱ्यांवर, भिंतींवर तळहात दाबत फिरायचं : कुठं पापडासारखी फुगलीय, कुठं मऊ लागतेय? भिंतीचे थर एकदा सुटले की ते घर परत द्या, हे माझं स्पष्ट मत. बेअरिंग थोडक्या पैशांत बदलतात, कुजलेली भिंत सगळं घर घेऊन जाते. बाजूच्या खोल्या काडेपेटीच्या खणासारख्या बाहेर सरकतात, त्या आत घेण्याआधी त्यांच्या डोक्यावरचा पालापाचोळा झाडा, नाहीतर काड्या रबरी सील फाडतात.

घरात वावरायचं थोडक्यात. इथला मिक्सर नेऊ नका, तिकडं वीज १२० व्होल्ट. प्लग ३० अँपिअरचा असेल तर सगळं मिळून ३,६०० वॉट. एसी चालू असताना मायक्रोवेव्ह लावला की फ्यूज पडणार. शेगडी गॅसची, भाकरी छान होते, पण फोडणी देताना धुराचा भोंगा वाजतो. खिडकी उघडा, भोंग्याची बॅटरी काढू नका. संडासच्या टाकीची झडप कायम बंद ठेवायची आणि भरपूर पाणी सोडायचं. साहेब लोक झडप उघडी ठेवतात, पाणी निघून जातं आणि बाकीचं तळाशी सिमेंट होऊन बसतं. आपली पाण्याची सवय इथं कामी येते. टाकी ओतताना आधी संडासची, मग मोरीची, म्हणजे पाइप आपोआप धुतला जातो. ऑक्टोबर लागला की जावईबापूंना आठवण करा : थंडीत पाणी गोठून नळ फुटू नयेत म्हणून गिझरसकट सगळं पाणी काढून नळांत गुलाबी अँटिफ्रीझ (न गोठणारं द्रावण) फिरवायचं, गिझर वगळून. गाडीच्या रेडिएटरमधलं नव्हे, नळांसाठी वेगळं मिळतं ते.

आणि चालत्या घरात सोफ्यावर बसून जायचा मोह होईल. काही राज्यांत त्याला परवानगी आहे, काहींत नाही. तुम्ही पिकअपमध्ये पट्टा लावून बसा.

प्रश्न (कराड) : असंच घर इथं बनवून कासला आणि महाबळेश्वरला पर्यटकांसाठी फिरवायचा विचार आहे. ट्रॉली बनवणारा मित्र तयार आहे. धंदा होईल का?

उत्तर : मित्र घर बनवेल, त्यात शंका नाही. आपल्याकडचे फॅब्रिकेटर काहीही बनवतात, तीच भीती आहे. आपली नेहमीची पिकअप दीड टनाच्या आसपास पेलते, तिच्या हौद्यात तबकडी, मान आणि वर माणसं घालून पसरणीच्या वळणावर समोरून एसटी आली तर मागं कोण घेणार? शिवाय घरी बनवलेल्या ट्रेलरला मान्यता आणि नोंदणी मिळाल्याशिवाय रस्त्यावर आणता येत नाही, आरटीओत आधी विचारा, पत्रा नंतर कापा. राज्य सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, ते वाचा. इंजिन आणि घर एकाच चेसिसवर असलेली गाडी घाटाला बरी. नाहीतर घर एका जागी उभं करून भाड्यानं द्या.

प्रश्न (मिरज) : माझा कंटेनरचा ट्रेलर आहे. वळताना तबकडीतून करकर आवाज येतो. वरून ग्रीस मारलं की दोन दिवस गप्प, पुन्हा सुरू.

उत्तर : वरून मारू नका. ट्रेलर सोडवा, जुनं ग्रीस खरवडून काढा, त्यात माती मिसळून तिची कानस झालेली असते. मग व्हर्नियरनं पिन मोजा. दोन इंची पिन नवी ५०.८ मिलिमीटर असते. ४९ च्या खाली गेली असेल तर ट्रेलर रस्त्यावर काढू नका.