निवृत्तीनंतर फुकट पण खासगी ईमेल कोणता घ्यावा? प्रोटॉन, ट्युटा की झोहो?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मुलुंडला राहता, मार्चअखेर निवृत्त होताय, ऑफिसचा ईमेल आयडी त्याच संध्याकाळी बंद होणार. भाचा म्हणतोय, "दोन मिनिटांत जीमेल काढून देतो." पण ईमेल देणाऱ्या कंपनीने आपले मेल वाचावेत हे तुम्हाला पटत नाही, आणि पैसेही भरायचे नाहीत.

मी परळ-लालबाग भागातल्या छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर कायम येतो. माझं उत्तर: एक नाही, दोन आयडी काढा. पेन्शन, बँक, विमा, म्युच्युअल फंड आणि इन्कम टॅक्ससाठी झोहो. माणसांशी बोलायला, घरच्या गोष्टी लिहायला प्रोटॉन. आणि दोन्ही आयडी स्वतः काढा, भाच्याकडून नको.

भाच्यावर माझा राग नाही. पण ज्येष्ठ मंडळी मेल उघडत नाही म्हणून फोन घेऊन येतात, तेव्हा दहातल्या सात-आठ वेळा गोष्ट एकच निघते. आयडी भाच्याने, सुनेने नाहीतर खालच्या मोबाईलवाल्याने काढलेला असतो. पासवर्ड त्यालाच माहीत, आणि पासवर्ड विसरलो तर कोड ज्या नंबरवर जातो तो नंबरही त्याचाच. म्हणजे दुरून कोणी कंपनी आपले मेल वाचेल ही भीती, आणि इथे घरातला एक मुलगा पुण्यात बसून मामाचं बँक स्टेटमेंट कधीही उघडू शकतो. तो उघडणार नाही हो, चांगला मुलगा आहे. पण त्याचा फोन हरवला, नंबर बदलला, की मामाची पेन्शन स्लिप अडकली. तेव्हा रिकव्हरीचा नंबर तुमचा, दुसरा ईमेल द्यावाच लागला तर काकूंचा. बस.

आता कंपनी मेल वाचते का? जीमेल १ एप्रिल २००४ ला आलं तेव्हा एक जीबी जागा म्हणजे लोकांना एप्रिल फूल वाटलं होतं. त्या जागेच्या बदल्यात मेलमधले शब्द बघून बाजूला जाहिराती लागायच्या. जाहिरातींसाठी मेल चाळणं बंद करतो असं गूगलने २०१७ मध्ये जाहीर केलं. तरी यंत्र मेल बघतंच. विमानाचं तिकीट मेलवर आलं की न सांगता कॅलेंडरमध्ये उतरतं, ते काय हवेतून येतं? स्पॅम गाळायलाही बघावंच लागतं. माणूस बसून वाचत नाही, पण मजकूर त्यांच्या हातात आहे. त्यातून यूट्यूब, नकाशा, फोन, फोटो सगळं त्याच एका खात्याला जोडलेलं, आणि माझा आक्षेप खरा त्याला आहे. मेल सोडा, तुम्ही रोज सकाळी संभाजी पार्कात किती वाजता फिरायला जाता हेही त्याच खात्यात असतं. जीमेल ठेवायचंच असेल तर सेटिंगमध्ये स्मार्ट फीचर्स (मेल चाळून दिलेल्या सोयी) बंद करता येतात, ते करा.

झोहो चेन्नईची कंपनी. धंदा ऑफिसांना सॉफ्टवेअर विकण्याचा, त्यामुळे फुकट मेलमध्येही जाहिरात दाखवत नाही. भारतातल्या खात्यांचा डेटा मुंबई आणि चेन्नईच्या डेटा सेंटरमध्ये राहतो. म्हणजे मुलुंडहून निघालेलं पत्र मुंबईतच मुक्कामाला, हे मला उगाचच आवडतं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी आपला आयडी झोहोवर नेल्याचं जाहीर केलं, तेव्हा आमच्याकडेही "झोहो लावून द्या" असे फोन येऊ लागले. पण एक लक्षात घ्या. झोहो जाहिरात दाखवत नाही याचा अर्थ झोहोला मेल दिसू शकत नाही असा नाही. कुलूप आहे, पण किल्ली वॉचमनकडे आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली सरकारने रीतसर आदेश काढला, तर भारतातल्या कोणत्याही कंपनीला सहकार्य करावंच लागतं. पेन्शनच्या स्लिपेला यापेक्षा मोठं कुलूप लागतं असं मला वाटत नाही. ती स्लिप सरकारनेच पाठवलेली असते!

माहीमच्या रेडिफचा आयडी अजून जपून ठेवणारी माणसं मला भेटतात. त्यांना मी काही सांगत नाही, जुन्या चाळीतल्या भाडेकरूला कोण उठवणार. पण नवीन काढायचा तर जाहिरातींचा त्रास तुम्हाला नकोच आहे.

प्रोटॉनवर थोडं जास्त लिहितो, कारण गैरसमज तिथेच जास्त. स्वित्झर्लंडची सेवा. जिनिव्हाजवळच्या सर्न या अणुसंशोधन संस्थेत भेटलेल्या मंडळींनी काढलेली, २०१४ मध्ये सुरू झालेली. फुकटात साधारण एक जीबी जागा आणि दिवसाला दीडशे मेल पाठवायची मुभा. निवृत्त माणसाला दिवसाला दीडशे मेल पाठवायचे असतील तर त्याने निवृत्त होऊ नये. खासियत अशी की पेटीत पडलेले मेल तुमच्या पासवर्डने उघडणाऱ्या किल्लीने बंद होतात आणि ती किल्ली कंपनीकडे नसते. प्रोटॉनवरून प्रोटॉनवर पाठवलं तर वाटेतही कोणी वाचू शकत नाही. मेलचा विषय मात्र असा बंद होत नाही, तेव्हा विषयाच्या ओळीत "माझ्या ऑपरेशनचे रिपोर्ट" असं लिहू नका.

लोक इथे फसतात. बँकेने तुम्हाला मेल पाठवला तर तो बँकेकडून साधाच निघतो आणि प्रोटॉनच्या दारात पोचल्यावर कुलूपबंद होतो. बँकेकडे त्याची प्रत उघडीच. तुम्ही भावाच्या जीमेलवर साधा मेल पाठवलात, तर तो तिकडे जीमेलच्या नियमाने राहतो. पत्र तुमच्या तिजोरीत आणि त्याची कार्बन कॉपी समोरच्याच्या टेबलावर, असा प्रकार. म्हणून बँकेसाठी प्रोटॉन घेऊन फार काही पदरात पडत नाही.

आणि मुंबईत ती कार्बन कॉपी बहुतेक वेळा झेरॉक्सच्या दुकानात असते! स्टेशनबाहेरच्या कुठल्याही दुकानात जा, भिंतीवर त्यांचा ईमेल आयडी मोठ्या अक्षरात चिकटवलेला. "इथे मेल करा, प्रिंट काढतो." दिवसभर आधार, पॅन, सॅलरी स्लिप, भाडेकरार, पासपोर्टचं पान त्या एका पेटीत पडत असतं आणि पुसत कोणीच नाही. माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराची पेटी भरली म्हणून त्याने मला बोलावलं, तर आत पाच वर्षांची कागदपत्रं होती, अख्ख्या वॉर्डाची म्हणा. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याला पुसायला वेळ नव्हता इतकंच. तुम्ही स्वित्झर्लंडहून मेल पाठवा नाहीतर मंगळावरून, त्या पेटीत तो उघडाच पडणार. तेव्हा प्रिंट हवी तर पेन ड्राइव्ह न्या. आधार द्यायचंच असेल तर पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार उतरवून घ्या. आणि ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड आहे म्हणून निश्चिंत राहू नका. नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल, हे सूत्र दुकानातल्या पोऱ्यालाही पाठ आहे. सीएला किंवा वकिलाला कागद पाठवताना प्रोटॉनमध्ये मेललाच पासवर्ड लावायची सोय आहे. समोरच्याकडे फक्त लिंक जाते, पासवर्ड तुम्ही फोनवर सांगायचा, आणि मेल ठरावीक दिवसांनी आपोआप नाहीसा होतो. प्रोटॉन घ्यायला एवढं एक कारणही मला पुरतं.

ट्युटा जर्मनीतल्या हॅनोव्हरची. आधी नाव टुटानोटा होतं, २०२३ मध्ये छोटं केलं. ती विषयाची ओळसुद्धा कुलूपबंद करते, म्हणजे कागदावर प्रोटॉनपेक्षा कडक. पण फुकट खात्यात सहा महिने लॉगिन केलं नाही तर खातं उडतं. तुमची मुलगी परदेशात असेल आणि तुम्ही दोघं तिच्याकडे नातवंडं सांभाळायला गेलात, तर सहा महिने कसे जातात ते कळत नाही. आउटलुक किंवा थंडरबर्डसारख्या, कॉम्प्युटरवर मेल बघायच्या प्रोग्राममध्येही ट्युटा लागत नाही, त्यांचंच ॲप वापरावं लागतं. (प्रोटॉनचीही ती सोय पैसे भरणाऱ्यांनाच आहे.) तुमच्यासाठी मी ट्युटा नको म्हणेन.

प्रोटॉन म्हणजे अभेद्य किल्ला, असंही समजू नका. २०२१ मध्ये स्विस अधिकाऱ्यांच्या कायदेशीर आदेशावरून त्यांना फ्रान्समधल्या एका पर्यावरण कार्यकर्त्याचा आयपी पत्ता (इंटरनेट कुठून वापरलं ते दाखवणारा नंबर) नोंदवून द्यावा लागला होता. मेलचा मजकूर दिला नाही, कारण तो त्यांनाच उघडता येत नाही. पण कोण, कुठून, कधी, हे सांगता येतं. आपल्याकडे २०२५ च्या एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एका कंपनीच्या तक्रारीवरून केंद्र सरकारला प्रोटॉन मेल भारतात ब्लॉक करायची पावलं उचलायला सांगितलं होतं. कुणीतरी त्यावरून त्या कंपनीतल्या लोकांना घाणेरडे मेल पाठवत होतं म्हणून. पेन्शनचा आयडी अशा सेवेवर ठेवू नका असं मी म्हणतो ते यामुळे. एखाद्या सकाळी ती उघडलीच नाही, तर गप्पा थांबल्या तरी चालेल, हयातीच्या दाखल्याची सूचना अडकायला नको.

आता माझी स्वतःची फजिती. काही वर्षांपूर्वी अशाच एका कुलूपबंद सेवेत (नाव कशाला, चूक माझी होती) वडिलांच्या पागडीच्या पावत्यांचे स्कॅन ठेवले होते. चाळीच्या पुनर्विकासात लागतील म्हणून. पासवर्ड विसरलो. फोनवर कोड आला, नवीन पासवर्ड लागला, पेटी उघडली, आणि आत जुने मेल नुसते गिचमिड अक्षरांत. किल्ली जुन्या पासवर्डबरोबर गेली होती. कंपनीला लिहिलं, तर उत्तर अगदी नम्र: आम्हालाही उघडता येत नाही. हेच तर मी जाहिरातीत वाचून भुललो होतो! शेवटी बिल्डरच्या ऑफिसात मूळ पावत्यांचा गठ्ठा घेऊन उभं राहावं लागलं. तुम्ही प्रोटॉन काढाल तेव्हा ते बारा शब्दांचं रिकव्हरी वाक्य देतात. फोटो काढू नका. वहीत लिहा आणि कपाटात लाइट बिलांच्या फायलीत ठेवा, काकूंना दाखवून.

एक काम मात्र आजच सुरू करा. म्युच्युअल फंड, विमा, डीमॅट, जिथे जिथे ऑफिसचा आयडी आहे तिथे तो मार्चच्या आधी बदला. कित्येक ठिकाणी आयडी बदलायला ओटीपी जुन्याच आयडीवर जातो, आणि तो बंद झाला की मग शाखेत अर्ज, सही जुळत नाही, पुन्हा अर्ज.

बँकेच्या फॉर्मवर आयडी तोंडी सांगू नका, स्वतःच्या हाताने लिहा आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर वाचून बघा. आमच्या हिचा झोहोचा आयडी एका बँकेतल्या मुलीने सवयीने पुढे जीमेल डॉट कॉम लावून भरला आणि चार महिने स्टेटमेंट भलत्याच कोणाकडे जात होतं. मी माझा प्रोटॉनचा सांगायला गेलो होतो. "ऍट द रेट प्रोटॉन डॉट मी," म्हटलं. तिने मान वर करून विचारलं, "मी म्हणजे? तुमचं नाव सांगा ना काका."