शपथेची तारीख आणि तासगावची जमीन

प्रश्न : मी मूळची तासगाव तालुक्यातील असून गेली नऊ वर्षे पती व मुलासह मेलबर्नला राहते. पुढील महिन्यात मला ऑस्ट्रेलियाच्या नागरिकत्वाची शपथ घ्यायची आहे. गावी वडिलांच्या नावे चार एकर द्राक्षबाग आहे. सांगलीत नोकरीला असताना २०१४ मध्ये मी स्वतःच्या नावे तीस गुंठे घेतले होते, तेही भाऊच कसतो. ‘परदेशी झालीस की सात-बारावरचे नाव जाणार’ असे सांगून भाऊ शपथेपूर्वी हक्कसोडपत्र मागतो आहे. वडील मात्र त्याच भीतीने शपथेपूर्वी एक एकर मला बक्षीसपत्राने द्यायचे म्हणतात. मी काय करावे?

उत्तर : तुमचे वडील आणि भाऊ यांच्या मागण्या परस्परविरुद्ध असल्या, तरी दोघेही शपथेच्या दिवशी तुमच्यापुरता जमिनीचा कायदा बदलणार या एकाच समजुतीवर चालले आहेत. ही समजूत बरोबर नाही. शेतजमीन घेण्याच्या बाबतीत तुमच्यासाठी कायदा बदलला तो नऊ वर्षांपूर्वी, तुम्ही देश सोडून परदेशी राहायला गेलात तेव्हाच. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९, म्हणजे व्यवहारातला ‘फेमा’, हा माणसाचे पारपत्र कोणत्या देशाचे आहे याच्या आधी तो राहतो कोठे हे पाहतो. त्याखालील २०१९ च्या नियमांप्रमाणे परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला आणि ओसीआय कार्डधारकाला (परकीय नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारे हे कार्ड) भारतात घर, सदनिका किंवा दुकान घेता येते. शेतजमीन, फार्महाऊस आणि मळ्याची जमीन मात्र दोघांनाही विकत घेता येत नाही आणि बक्षीस म्हणूनही स्वीकारता येत नाही. त्यामुळे वडिलांनी शपथेच्या आदल्या दिवशी जरी बक्षीसपत्र नोंदवले, तरी रिझर्व्ह बँकेच्या परवानगीवाचून ते या नियमांचा भंगच ठरेल आणि त्यासाठी व्यवहाराच्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदवला गेला म्हणजे तो सर्व कायद्यांना मान्य झाला, असे आपल्याकडे फार लोक धरून चालतात, तसे नसते.

वडिलांची इच्छा पूर्ण करण्याचा सरळ मार्ग वेगळा आहे. भारतात राहणाऱ्या व्यक्तीकडून वारसाने येणारी शेतजमीन तुम्हाला आजही घेता येते आणि परकीय नागरिक झाल्यावरही घेता येईल. म्हणून वडिलांनी दोन साक्षीदारांसमक्ष मृत्युपत्र करावे. त्याची नोंदणी सक्तीची नाही, तरी ती करून ठेवावी, म्हणजे पुढे सहीवरून वाद होत नाही. अर्थात मृत्युपत्राने वडिलांना फक्त स्वतःच्या मालकीचे तेवढेच देता येते, आणि येथेच तुमच्या भावाच्या मागणीचा प्रश्नही येऊन मिळतो.

चार एकर ‘वडिलांच्या नावे’ आहे एवढ्याने ती त्यांची स्वतंत्र मिळकत आहे की एकत्र कुटुंबाची, हे कळत नाही. सात-बारावर वडिलांच्या नावाजवळ फेरफाराचा, म्हणजे मालकीतील बदलाच्या नोंदीचा, क्रमांक असतो. त्या फेरफाराची आणि त्यामागच्या जुन्या फेरफारांची नक्कल काढून घ्या. आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावापुढे ‘ए.कु.पु.’ किंवा ‘ए.कु.म.’ अशी अक्षरे दिसली, तर ती एकत्र कुटुंबाच्या पुढाऱ्याची किंवा मॅनेजरची खूण असते. निव्वळ त्या अक्षरांवर निकाल लागत नाही, पण शोध कोठून सुरू करायचा ते समजते. जमीन खरोखर एकत्र कुटुंबाची निघाली, तर हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीमुळे तिच्यात तुमचा हक्क जन्मापासून आणि भावाच्या बरोबरीचा आहे. नागरिकत्व बदलल्याने तो जात नाही, कारण त्या कायद्यात हिस्सा नागरिकत्वावर ठरवलेला नाही. उलट जमीन वडिलांची स्वतंत्र असेल, तर त्यांच्या हयातीत तिच्यात तुमचा कोणताही हक्क नाही. जो हक्क अजून मिळालेलाच नाही तो सोडून देणारा कागद मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६ (अ) प्रमाणे निरर्थक असतो. म्हणजे पहिल्या परिस्थितीत भाऊ एका खऱ्या हिश्श्यावर पाणी सोडायला सांगतो आहे आणि दुसऱ्या परिस्थितीत नसलेल्या हिश्श्यावर. बाग तोच राखतो, छाटणीपासून बेदाण्यापर्यंतची मेहनत त्याची, म्हणून हिस्सा त्याला द्यावा असे तुम्हाला मनापासून वाटत असेल तर अवश्य द्या. परंतु भारतात राहणाऱ्या भावाच्या लाभात हक्कसोडपत्र तुम्हाला शपथेनंतरही करता येते. त्याची घाई शपथेच्या नावावर खपवली जाते आहे, एवढे ध्यानात ठेवा.

तीस गुंठ्यांविषयी काळजीचे कारण नाही. भारतात राहत असताना घेतलेली जमीन परदेशी स्थायिक झाल्यावरही ठेवता येते, असे फेमाच्या कलम ६ (५) मध्ये स्पष्ट म्हटले आहे. नागरिकत्व बदलले म्हणून तुमचे नाव कमी करण्याचा अर्ज कोणी दिलाच, तर लेखी हरकत घ्या. पुढे विकायची झाल्यास खरेदीदार भारतात राहणारा आणि शेतकरी असावा लागेल. शेजारचा तुकडा त्यात जोडून घेण्याचा विचार असेल, तर तो सोडून द्या. आमच्या जिल्ह्यातील खानापूर-विटा भागातली गलाई, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, व्यवसायातील कुटुंबे पिढ्यानपिढ्या देशभर पांगली, तरी गावी जमीन घेत राहिली, हे उदाहरण तुमच्या घरी दिले जात असेल. ती कुटुंबे देशातच राहत होती, हा फरक आहे.

आता शपथेने खरोखर काय बदलते ते पाहू. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ प्रमाणे, स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. तुमच्या बाबतीत ती तारीख अर्ज मंजूर झाल्याची नसून समारंभात शपथ घेतल्याची असेल. त्या दिवसापासून भारतीय पारपत्रावर प्रवास करू नका, मुदत कितीही शिल्लक असली तरी. ऑस्ट्रेलियन पारपत्र मिळाल्यावर भारतीय पारपत्र वकिलातीकडे जमा करून त्याचा दाखला घ्यावा आणि मग ओसीआयसाठी अर्ज करावा. मधल्या काळात यायचे झाल्यास व्हिसा काढावा. गावच्या मतदार यादीतील नाव कमी करून घ्यावे. गावाकडच्या बँकेतील साधे बचत खाते अनिवासी, म्हणजे एनआरओ, करून घ्यायला हवे होते तेही नऊ वर्षांपूर्वीच. ते अजून राहिले असल्यास आधी उरका. जमीन विकून आलेला पैसा त्याच खात्यात जमा होतो आणि कर भरून, एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरच्या मर्यादेत, बाहेर नेता येतो.

राहिला प्रश्न कागदोपत्री कामांचा. भावाला सरसकट कुलमुखत्यारपत्र देऊ नका. फेरफाराच्या नकला काढणे, हरकत नोंदवणे अशी कामे नेमकी लिहून, विकण्याचा व गहाण ठेवण्याचा अधिकार वगळून, मर्यादित मुखत्यारपत्र करा. ते मेलबर्न येथील भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवा आणि महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर येथील मुद्रांक शुल्क भरून घ्या. जुने फेरफार हाती येऊन जमिनीचे स्वरूप ठरेपर्यंत हक्कसोडपत्रावर सही करू नये, आणि वडिलांनाही बक्षीसपत्र थांबवायला सांगावे. शपथ ठरल्या दिवशी घ्यायला हरकत नाही.