गाडीतला फ्रीज उन्हाळ्यात दगा का देतो? तुमचे प्रश्न आणि उत्तरं

एप्रिल लागला, नाशिकचा पारा चाळिशीकडे निघाला की कॅम्परवाल्यांचे (म्हणजे गाडीतच झोपायची-स्वयंपाकाची सोय करून फिरणाऱ्यांचे) प्रश्न सुरू होतात आणि निम्म्याहून जास्त फ्रीजचेच असतात. त्यातले पाच इथे घेतोय.

प्रश्न (पाथर्डी फाटा): ट्रॅव्हलरची कॅम्पर करून घेतली, त्यात ९० लिटरचा १२ व्होल्टवाला कॉम्प्रेसर फ्रीज आहे. पहाटे ४ डिग्री दाखवतो, दुपारी १३-१४ वर जातो. मेकॅनिक म्हणतो गॅस भरू. भरू का?

अजिबात घाई करू नका. पहाटे ४ ला येतोय म्हणजे बहुतेक गॅसही आहे आणि कॉम्प्रेसरही धडधाकट आहे. या छोट्या फ्रीजमध्ये गॅस असतोच मुळी काही ग्रॅम, तो अंदाजाने भरला की चालता फ्रीज बिघडतो. आधी मागे बघा. फ्रीज आतली उष्णता उचलतो आणि मागच्या कंडेन्सरमधून बाहेर टाकतो, एवढंच त्याचं काम, आणि आपले सुतार काय करतात, तर फर्निचर छान दिसावं म्हणून चारी बाजूंनी प्लाय ठोकून वर सनमायका लावून देतात. मग तो बिचारा वैशाखात घोंगडी पांघरून बसल्यासारखा स्वतःच टाकलेली गरम हवा पुन्हा पुन्हा घेत राहतो. दुपारी तीनला एक साधा थर्मामीटर फ्रीजच्या मागे सरकवा आणि एक गाडीत मोकळ्यावर ठेवा, मागे सात-आठ डिग्री जास्त निघाले तर चोर सापडला म्हणून समजा.

उपाय म्हणजे खाली एक भोक आणि वर एक भोक, दोन्ही चांगली तळहाताएवढी, म्हणजे खालून हवा शिरेल आणि कंडेन्सरवरून जाऊन वरून निघेल. फ्रीजच्या डोक्यावर रिकामा कप्पा राहिला असेल तर तो पट्टी मारून बंद करा, नाहीतर गरम हवा तिथेच कोंडून बसते. वरच्या भोकाला कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा फॅन बाहेर फेकणारा लावा, एमजी रोडला सहज मिळतो, करंट पाव अँपिअरसुद्धा खात नाही. फॅन उलटा लागला की सगळं मुसळ केरात, म्हणून कागदाचा कपटा धरून वारा कुठे जातोय ते बघा. जाळी लावायची तर मोठ्या भोकांची लावा, मच्छरदाणीची बारीक जाळी आपल्याकडच्या धुळीने महिन्याभरात बुजते. आणि दुपारी गाडी लावताना फ्रीजची बाजू पश्चिमेला येऊ देऊ नका, हे फुकट आहे तरी कोणी करत नाही.

प्रश्न (देवळाली कॅम्प): जुनी इम्पोर्टेड कॅराव्हॅन घेतलीय, फ्रीज गॅसवर आणि २३० व्होल्टवर दोन्हीवर चालतो, आवाज अजिबात नाही. बंगल्याच्या उतारावर उभी असते. उन्हाळ्यात नुसता कोमट.

हा अॅब्सॉर्प्शन फ्रीज आहे, याची जात वेगळी. यात कॉम्प्रेसर नसतो, अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन असतं, खालून उष्णता दिली की अमोनिया वाफ होऊन वर जातो आणि बाकी सगळं स्वतःच्या वजनाने खाली वाहत येतं. उतारावर ते नीट वाहत नाही, बॉयलरमधलं द्रावण जास्त तापतं, आणि असं बराच काळ चाललं तर आतली नळी कायमची चोंदू शकते. त्यामुळे पहिलं काम स्पिरिट लेव्हल (गवंडी पातळी बघायला वापरतात ती बुडबुड्याची पट्टी), फ्रीजच्या आत तळावर ठेवून दोन्ही दिशांनी बघा आणि चाकाखाली फळ्या घाला. गाडी चालू असताना हिंदकळत असते म्हणून तेव्हा तेवढा त्रास नाही, उभी असताना आहे. दुसरं म्हणजे मागच्या बाहेरच्या दोन्ही जाळ्यांमधली गांधीलमाश्यांची घरटी काढा आणि तिथेही फॅन लावा. तरीसुद्धा खरं सांगतो, चाळीस डिग्रीत हा फ्रीज कॉम्प्रेसरवाल्याची बरोबरी करणार नाही. पेट्रोल पंपावर शिरायच्या आधी गॅसची ज्योत बंद, यात चर्चा नाही.

प्रश्न (सिडको): १०० एएचची (अँपिअर-अवरची) साधी लेड अॅसिड बॅटरी आहे, फ्रीज रात्री दोनला बंद पडतो. बॅटरी नवीन आहे.

हिशोब करू. फ्रीज चालू असताना साधारण ५ अँपिअर घेतो, उन्हाळ्यात निम्म्याहून जास्त वेळ चालूच असतो, म्हणजे चोवीस तासांत ६०-७० एएच धरा. लेड अॅसिड निम्मीच वापरावी, म्हणजे हातात ५०. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतलीत तर १०० मधले ८०-९० मिळतात, पण खर्च करण्याआधी वायर बघा. बॅटरीपासून फ्रीज ६ मीटरवर असेल आणि वायरमनने घरातली दीड एमएमची वायर ओढली असेल तर जाऊन-येऊन १२ मीटरमध्ये ५ अँपिअरला जवळपास पाऊण व्होल्ट वाटेतच जातो. बॅटरीत जीव असतो पण फ्रीजला व्होल्टेज कमी दिसतं आणि तो कट मारतो. ६ एमएमची वायर टाका, पाव व्होल्टच्या आत येईल. फ्यूज बॅटरीजवळच हवा.

प्रश्न (सिन्नर): तीन-चार हजारांचा कारमध्ये लावायचा कूल बॉक्स घेतला, भंडारदऱ्याला पोचेपर्यंत दूध फाटलं.

तो फ्रीज नव्हेच. असले बॉक्स बाहेरच्यापेक्षा फार तर १५-२० डिग्री खाली जातात, गाडीत ४० असेल तर आत २०-२५, त्यात दूध टिकणार कसं. पाण्याच्या बाटल्या ठेवा, दुधासाठी चांगला आइसबॉक्स आणि बर्फाची लादी घ्या. चुरा घेऊ नका, लवकर वितळतो.

प्रश्न (इंदिरानगर): आईचं इन्सुलिन न्यायचंय, शिवाय चार दिवसांचा भाजीपाला. फ्रीज कसा भरू?

आदल्या रात्री घरच्या लाइटवर फ्रीज चालू करा आणि सामानही घरच्या फ्रीजमध्ये गार करून मगच भरा, गरम भाजीचा डबा आत गेला की सगळी रात्र वाया. भांड्यांमध्ये थोडी जागा सोडा. दार लावताना रबरात कागद धरून ओढा, सहज निघाला तर रबर बदला. इन्सुलिन २ ते ८ डिग्रीत लागतं आणि ते गोठलं की फेकायचंच, म्हणून बर्फ जमणाऱ्या प्लेटपासून लांब, मधल्या कप्प्यात डब्यात ठेवा. फ्रीजच्या डिस्प्लेवर विसंबू नका, त्याच डब्याशेजारी पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर बुडवून ठेवा आणि गाडी निघायच्या आधी तो आकडा बघा.