पडद्यावर रेंगाळणारी सावली

प्रश्न : माझ्या मॉनिटरवर दिवसभर एकच हिशेबाचा तक्ता उघडा असतो. संध्याकाळी दुसरं काही उघडलं, तरी त्याच्या उभ्या-आडव्या रेघा फिकट दिसत राहतात. मॉनिटर एलसीडी, त्यातल्या आयपीएस प्रकारच्या पॅनेलचा आहे. तो कामातून गेला का?

उत्तर : नाही, ही सावली बहुधा निघून जाईल. आधी खात्री करून घ्या. रेघा दिसत असताना स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाइलवर पाहा. त्यात रेघा आल्या, तर दोष सॉफ्टवेअरचा किंवा ग्राफिक्स कार्डचा. आल्या नाहीत, तर पॅनेलचा. मग विंडोजच्या पेंटमध्ये लाल, हिरवा आणि निळा या तिन्हींची किंमत 128 ठेवून राखाडी रंग तयार करा, तो पूर्ण चित्रावर ओता आणि एफ11 दाबून पडदाभर पाहा. पांढऱ्या किंवा काळ्या रंगावर न दिसणारी सावली या मधल्या राखाडीवर हमखास उठून दिसते.

एलसीडीत द्रवस्फटिकाचे रेणू विद्युतदाबाने वळतात आणि त्यानुसार मागच्या दिव्याचा प्रकाश कमी-जास्त आरपार सोडतात. दाबाची दिशा सतत उलटसुलट केली जाते, म्हणजे बेरीज शून्य राहावी. ती तंतोतंत शून्य राहत नाही. चित्र तासन्‌तास हललं नाही, तर हा उरलासुरला दाब द्रवातल्या सूक्ष्म अशुद्धीचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, एका बाजूला ढकलत राहतो. तिथे साचलेला विद्युतभार चित्र बदलल्यावरही रेणूंना किंचित ओढून धरतो, आणि जुन्या चित्राची सावली दिसते. हा भार हळूहळू विखुरतो, म्हणूनच ती तात्पुरती असते.

उपाय सोपा आहे. मॉनिटर रात्रभर बंद ठेवा. दिवसा वेळ असेल तर पूर्ण पांढरा पडदा नेहमीच्याच ब्राइटनेसवर काही तास चालू ठेवा. चित्र जितका वेळ स्थिर होतं, साधारण तितका वेळ उतरायला धरा. दुसऱ्या दिवशी पुन्हा राखाडीवर तपासा. फरक पडत असेल तर धीर धरा. आठवडाभरात काहीच फरक नसेल, तर वॉरंटी पाहा. पॅनेल बोटाने दाबू वा चोळू नका. त्याने आतल्या थरांमधलं अंतर बिघडून कायमचा डाग पडू शकतो. भराभर रंग बदलणारे व्हिडिओही नकोत. ते एका रंगात अडकलेल्या पिक्सेलसाठी असतात, आणि प्रकाशाने फेफरं येणाऱ्या माणसाला धोक्याचे ठरतात.

प्रश्न : काळा स्क्रीनसेव्हर लावला तर पुरेल का?

उत्तर : त्यापेक्षा 5 ते 10 मिनिटांनी डिस्प्लेच बंद होईल असं पॉवर सेटिंगमध्ये ठरवा. काळ्या चित्रामागे एलसीडीची बॅकलाइट, म्हणजे मागचा दिवा, बहुतेक वेळा जळतच राहते. स्क्रीनसेव्हर ही जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरची गरज होती. तिथे काचेच्या आतला चमकणारा लेप, म्हणजे फॉस्फरच झिजायचा.

प्रश्न : लॅपटॉपचा पडदा ओएलईडी आहे. खाली टास्कबारच्या जागी पट्टा उमटलाय. पांढरा पडदा लावून ठेवू का?

उत्तर : अजिबात नको! एलसीडीला जो उपाय, तोच इथे अपाय आहे. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि उजळता उजळता झिजतो. सर्वांत लवकर निळा. टास्कबारच्या जागचे पिक्सेल शेजाऱ्यांपेक्षा जास्त झिजले, म्हणून पट्टा दिसतो. गेलेली चमक परत येत नाही. पांढऱ्या पडद्याने फक्त सगळेच पिक्सेल आणखी झिजतील.

ओएलईडी मॉनिटरांच्या मेनूत ‘पिक्सेल रिफ्रेश’ किंवा तशाच नावाची सोय असते. ती पिक्सेलची झीज मोजून वीजप्रवाहाची भरपाई करते; फिकट पट्टा त्याने पुष्कळदा मिटतो. तिचं काम मॉनिटर स्टँडबायमध्ये असताना चालतं, म्हणून भिंतीवरचं बटण रोज बंद करण्याची सवय ओएलईडीला महागात पडते. मात्र याच सोयीची जास्त वेळ चालणारी मोठी फेरी हाताने वारंवार चालवू नका. लॅपटॉपमध्ये अशी सोय पुष्कळदा नसते, तेव्हा तुमच्या हातात आहे ती पुढची झीज रोखणं. ब्राइटनेस उतरवा; सगळ्यांत जास्त फरक त्यानेच पडतो. विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार, टास्कबार बिहेवियर्स असं जाऊन टास्कबार आपोआप लपेल असं करा. डार्क मोड लावा, वॉलपेपर काळा ठेवा. ओएलईडीत काळा पिक्सेल बंदच असतो, त्यामुळे तेवढा वेळ तो झिजत नाही.